भंडारा न उचललेला माणूस

मतदानाच्या दिवशी अप्पांनी दाढी स्वतःच केली. डोळ्यांना उजेड-अंधार एवढंच कळत होतं, तरी आरसा समोर हवा होता. गाल बोटांनी चाचपत त्यांनी वस्तरा फिरवला. हनुवटीखाली पांढरा पट्टा राहिला. मी बोलले नाही. बोलले असते तर पुन्हा पाणी तापवणं आलं असतं, आणि आम्हाला आधीच उशीर झाला होता.

"राजे, चप्पल नको. बूट दे."

"बूट काय तुम्हाला दिसनारेत का?" आई चुलीपुढून म्हणाली.

"मला न्हाई दिसत, सुमन. बूथवरच्यांना दिसतेत की. मत द्यायला जायलोत, दळन आनायला न्हाई."

अप्पा, म्हणजे पिराजी मास्तर, आमच्या गावच्या मराठी शाळेत अडतीस वर्षं शिकवत होते. कर्नाटकातल्या आळंद तालुक्यातलं, निंबर्ग्याच्या पलीकडचं आमचं गाव. बोर्ड कन्नडमध्ये, भांडणं मराठीत आणि शिव्या दोन्हींत. साखरेनं अप्पांची नजर तीन वर्षांपूर्वी नेली. तेव्हापासून रोज दुपारी चारला राघोबाकाका यायचे आणि त्यांना पेपर वाचून दाखवायचे. सोलापूरचा पेपर दुपारच्या बसनं यायचा. काकांना वाचायला अप्पांनीच शिकवलेलं, तिशी उलटल्यावर, प्रौढांच्या वर्गात. त्यामुळं ते अजून बोट ठेवून, अक्षर जोडत वाचायचे. एका बातमीला पाव तास लागायचा. परिच्छेद संपला की थांबायचे. अप्पा म्हणायचे, "पुढं?" मग काका पुढचा घ्यायचे. मी कलबुर्गीहून सुट्टीला आले की म्हणायची, मी वाचते, पाच मिनिटांत होईल. अप्पा म्हणायचे, "पाच मिंटांत करून मग संध्याकाळपर्यंत मी काय करू?"

त्या निवडणुकीत आमच्या वॉर्डात दोघं समोरासमोर होते. एक राघोबाकाका, चिन्ह कपाट. दुसरी आमच्या बौद्ध वस्तीतली संध्या, चिन्ह शिलाई मशीन. बाकीच्या वॉर्डांत दोन्ही पॅनल बरोबरीत सुटणार असा सगळ्यांचा अंदाज होता. त्यामुळं हे सीट ज्याचं, त्याचा पंचायतीचा अध्यक्ष. काका दोनदा मेंबर झालेले, अध्यक्ष कधीच नाही. सत्तरी ओलांडलेली. ही शेवटचीच खेप, असं ते सांगत फिरत होते.

आठवडाभर आधी त्यांच्या माणसांनी घरोघर ताट फिरवलं. ताटात मैलारलिंगाचा, म्हणजे खंडोबाचा, भंडारा, वर बेलाचं पान. ज्यानं मत देतो म्हटलं त्यानं चिमूटभर हळद उचलायची, कपाळाला लावायची. ती उचलली की शब्द फिरवता येत नाही. फिरवला तर घरात काही ना काही होतं, असं आमच्याकडं मानतात. हॉटेलवाला धनराज वही घेऊन ताटामागं चालायचा आणि नावं टिपायचा.

आमच्या घरी काका एकटेच आले. हातात ताट नव्हतं.

"मास्तर, तुमच्यापुढं हळद धरून मी काय करू? तुम्ही ते सोडून किती वर्सं झाली."

"माजा शब्द हाय की, राघोबा."

"मग झालं. हळद लावून बी पलटी मारनारी मानसं हैत. तुमचा शब्द तसला न्हाई."

ते गेल्यावर मी अप्पांशी वाद घातला. नळाची लाईन दहा वर्षं मारुतीच्या देवळापाशी अडली होती. तिथून पुढं वस्तीपर्यंत तीनशे पावलं. काका दोनदा मेंबर झाले, दोनदा म्हणाले, यंदा येतंय. आई सत्तराव्या वर्षी घागर वाहत होती. संध्यानं बायका गोळा केल्या, आळंदला दोनदा जाऊन धरणं धरून बसली, तेव्हा कुठं खणायचं काम सुरू झालं. हे सगळं मी पुराव्यानिशी मांडलं. अप्पांनी मध्येच तोडलं नाही.

"खरं हाय," ते म्हणाले. "तू तुजं मत संध्याला दे. कोन अडवायलंय? पन माजं मत माजं हाय. माज्या आज्याचं नाव कुठल्या यादीत न्हवतं, राजे. मला एक मिळालंय, ते मी माज्या मनानं वापरनार. चुकलं तर माजी चूक."

मी उठून अंथरुणं घातली.

बूथ शाळेतच होतं, अप्पांच्या जुन्या वर्गात. ज्याला दिसत नाही त्याला सोबती नेता येतो. सोबत्यानं एका कागदावर सही करायची असते, की या मतदाराचं मत मी गुप्त ठेवीन. मी सही केली. माझ्या मताची शाई डाव्या बोटाला लागली होती. सोबती म्हणून उजव्या बोटाला वेगळी लावली. एक सोबती दोघांच्या वतीनं जाऊ नये म्हणून.

पुठ्ठ्याच्या आडोशामागं आम्ही दोघं उभे राहिलो. अप्पांनी माझं कोपर धरलं होतं. त्यांच्या श्वासाला दाढीच्या साबणाचा वास होता.

"कपाट," ते हळू आवाजात म्हणाले.

कागदावर कपाट वर होतं, मशीन खाली. मी ठरवून गेले नव्हते. एवढं मला स्वतःला सांगता येतं आणि ते खरं आहे. पण हात कपाटावरून खाली गेला तेव्हा तो मी थांबवला नाही, हेही खरं आहे.

"शिक्का मारलास?"

"हो."

"कपाटावर?"

"हो, अप्पा."

घडी त्यांनी स्वतः घातली. पेटीपर्यंत मी नेलं. कागद आत गेल्यावर त्यांनी पेटीवर दोनदा थाप मारली, पोरगं बरोबर उत्तर देऊन खाली बसलं की त्याच्या पाठीवर मारायचे तशी.

बाहेर हद्दीच्या पलीकडं काका मास्क हनुवटीवर ओढून चहा पीत उभे होते. अप्पांनी आवाजावरून ओळखलं.

"राघोबा, तुजं काम झालं."

काकांनी कप खाली ठेवला आणि दोन्ही हात जोडले. अप्पांना ते दिसणार नव्हतं. मला दिसलं.

दुपारी मतदान संपायच्या आत काका पेपर वाचायला आले. निवडणुकीच्या दिवशी उमेदवार पेपर वाचत बसला होता. तुरीला आलेल्या रोगाबद्दलची बातमी होती. त्यांना बोलवायला माणसं आली तेव्हा बातमी अर्धी झाली होती.

"ऱ्हाऊ दे, उद्या," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं चहाची बशी अप्पांच्या हातात दिली. ती आत वळली आणि बशी फुटल्याचा आवाज आला. मी धावले तोवर काही उरलं नव्हतं. डॉक्टर आले, हृदय म्हणाले, गेले.

काका सगळ्यांत आधी आले. खांदा त्यांनीच आधी दिला, वस्तीपासून माळापर्यंत बदलला नाही. माती देताना ते पोरासारखे हुंदके देऊन रडले. अप्पांचे हात छातीवर जुळवून ठेवले होते. डाव्या बोटाच्या नखावर शाईची रेघ होती, काळी, ताजी. हनुवटीखालचा पट्टा तसाच होता.

मतमोजणी दोन दिवसांनी आळंदला होती. ते दोन दिवस माझ्या डोक्यात एकच चित्र होतं. अप्पा मातीखाली होते आणि त्यांचं मत तहसीलमधल्या बंद पेटीत होतं. ते मेलं नव्हतं. ते काढून घेता येत नव्हतं आणि त्याला हाकही मारता येत नव्हती. माणूस गेल्यावर त्याच्या नावानं बोलायला काहीतरी मागं उरतं, आणि ते खोटं बोलतं, ही भीती मला कुठल्या पुस्तकात भेटली नव्हती.

निकाल लागला. संध्या चारशे बारा. राघोबा चारशे अकरा.

मृत्यूची नोंद करायला मी पंचायतीत गेले. साहेब जेवायला गेले होते म्हणून बाहेरच्या बाकावर बसले. भिंतीपलीकडं धनराजचं हॉटेल. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"मेलेल्याचं मत धरतेत का सांगा की कुनी," एक जण म्हणाला.

"धरतेत. टाकताना जिता होता न्हवं?"

"पन मोजताना तर न्हाई की."

"मग काय दर मताला नाडी बघून मोजायचं व्हय रे?"

हसणं झालं. मग धनराजचा आवाज आला. "गप बसा जरा. ही माजी वही. भंडारा उचललेली चारशे अकरा. एकेक नाव हाय. आन् पडली किती? चारशे अकरा. एकबी फुटलं न्हाई. देव खरा झाला."

"मोजनी तुजी, वही तुजी, भजी बी तुजीच. आमी काय बोलावं?"

"मस्करी ऱ्हाऊ द्या. राघोबाअन्नानं मला सांगितलेलं, वहीत नसलेलं अजून एक मत हाय, ते पक्कं धर. भंडारा न उचलता शब्द दिलेला एकच मानूस. ते पडलं असतं तर अन्नाचं चारशे बारा, संध्याचं चारशे अकरा. अन्ना आज हारात असते."

स्टोव्हवरून कढई उतरवल्याचा आवाज आला.

"मास्तर असं करनार न्हाईत."

"मग कुठं गेलं ते मत?"

"बाद झालं असंल."

"मास्तरांसंगं राजश्री होती. तेवढी शिकलेली पोरगी. तिच्या हातनं बाद होतंय व्हय? बापानं जिथं सांगितलं तिथंच शिक्का मारला असनार."

"कामून चिडायलास? शेवटी आपलं ते आपलं असतंय बाबा. तोंडानं राघोबा, आतून वस्ती."

मी उठले. दारासमोरून जाताना सगळ्यांच्या माना कपांवर झुकल्या. धनराज बाहेर येऊन म्हणाला, "अक्का, चा घ्या." मी नको म्हटलं. माझ्यावर एकाचाही संशय नव्हता. त्यांच्या हिशेबात मी फक्त बोटं होते, शिक्का धरणारी.

पाचव्या दिवशी जलदानविधी होता. काका आले नाहीत. त्यांची बायको, नागूबाईकाकू, त्याही आल्या नाहीत. दुपारी चारला आईनं दोन कप मांडले. मग एक उचलून ठेवला.

संध्या आली ती गुलाल पुसून, साध्या पातळात. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, अप्पांचीच विद्यार्थिनी. आईच्या पायाशी बसली.

"काकू, एका मतानं आले मी. सर जाता जाता आपल्याला देऊन गेले." तिचे डोळे भरले. "मला वाटायचं, सर राघोबाअन्नाचेच. सरांचा फोटो द्या. वस्तीत नळ येईल त्या दिवशी तिथं बोर्ड लावायचाय. सरांच्या नावानं."

आई माझ्याकडं बघत राहिली. मी कपाटातून फोटो काढून दिला. दिला! दुसरं काय करावं ते त्या क्षणी सुचलं नाही.

पेपर बंद करायचं कुणालाच आठवलं नाही. रोज बसनं येत होता. मी रजा वाढवली होती. एकदा चारला मी अप्पांच्या खुर्चीसमोर बसून मोठ्यानं वाचायला घेतलं. वाटलं, घराला सवय आहे, घर थोडं शांत होईल. पहिला परिच्छेद संपला. मी थांबले. खोली वाट बघत होती. कुणी काही म्हणालं नाही, मला काही ऐकू आलं असंही म्हणणार नाही. पण पुढचा परिच्छेद मला वाचता येईना. कुणीतरी सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, असं वाटलं. मी पेपर घडी करून खुर्चीवर ठेवला, आणि त्यानंतर त्या खोलीत चारच्या सुमाराला जाणं टाळू लागले. आईही टाळत होती. आम्ही दोघी त्या वेळी परसात असायचो आणि आत का जात नाही हे एकमेकींना विचारत नव्हतो.

बोटांची शाई आंघोळीनं जात नव्हती. डावीकडची माझी, उजवीकडची अप्पांची. नख वाढेल तशी रेघ वर सरकत होती. भाकरी थापताना मी उजवं बोट दुमडून घ्यायला लागले.

मी नियम शोधून काढला. निकालावर दावा लावायला तीस दिवस. त्यात मी बोलले तर संध्याचं सीट कोर्टात जाणार, नळाचं खोदकाम थांबणार, मी सही केलेला कागद बाहेर येणार. तीस दिवसांनंतर बोलले तर कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. गुप्त ठेवीन असं मी लिहून दिलं होतं, त्यामुळं तोवर गप्प राहणं हे कर्तव्यच होतं. असं मी स्वतःला नीट समजावलं. मी वाचणारी बाई आहे. मला समजावणं अवघड नाही.

सव्विसाव्या दिवशी आई तुरीच्या शेंगा सोलत होती. वर न बघता म्हणाली, "तुज्या अप्पानं त्या दिवशी घरी आल्यावर मला सांगितलं. राघोबाला दिलं म्हनून. मी विचारलं बी न्हवतं. आपनहून सांगितलं."

"हं."

"संध्याची मेंबरकी काय, राघोबाची काय, मला काही घेनं न्हाई." तिनं शेंग मोडली. दाणे ताटात पडले. "पन पन्नास वर्सं त्यांनी माज्याशी खोटं बोललं न्हाई गं. शेवटच्या दिवशी बोलले व्हय?"

तिनं पुढची शेंग घेतली. मला वाटलं होतं माझं गप्प राहणं गावात कुठंतरी, हॉटेलात, वहीत पडून आहे. ते इथं आमच्या घरात येऊन बसलं होतं आणि अप्पांना आईपासून तोडत होतं. मेल्यावर.

मी चप्पल घालून निघाले.

काकांचं शेत ओढ्यापलीकडं. तूर कापून खळ्यावर टाकली होती. नागूबाईकाकू काठीनं झोडपत होत्या, काका सुपानं वारं देत होते. मला बघून काकूंनी काठी थांबवली. काकांनी सूप थांबवलं नाही.

"ये राजश्री," काकू म्हणाल्या. "आई कशी हाय?"

"बरी आहे."

"बरी कशी असंल? मी यायला पायजे होतं. ह्यांनी पाय धरून ठेवले."

"मी कुनाचे पाय धरलो?" काका तिकडं तोंड करून म्हणाले. "जायचं होतं तर जायचं की."

"बगा, बगा. महिना झाला, भाकर गिळंना ह्यांना. आन् म्हनतेत, जायचं होतं तर जायचं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "बोल त्यांच्यासंगं, पोरी. मी पानी आनते." आणि कळशी घेऊन त्या विहिरीकडं गेल्या.

भुसा वाऱ्यानं आमच्या दोघांच्या मधून जात होता. काका खाली बसले. हातातलं सूप पायाजवळ ठेवलं.

"हरल्याचं मला काय न्हाई," ते म्हणाले. "हे लोकांना पटत न्हाई. तुला पटंल का बघ. चारशे अकरा लोकांनी हळद उचलली, मी एकाचाबी भरवसा धरला न्हवता. नागूला म्हनालो, शंभर फुटतील. मास्तरांचं तेवढं धरलो होतो. ते एकच मी मोजलो होतो."

"काका—"

"थांब. त्यांनी तोंडावर सांगितलं असतं, राघोबा, ह्या खेपेला वस्तीचं बघतो, तर मी काय केलो असतो? दुसऱ्या दिवशी पेपर वाचायला गेलोच असतो की. भांडलो असतो थोडं." त्यांनी हातातली शेंग चोळली, दाणा काढला, फेकून दिला. "मला अ आ त्यांनी शिकवलं. माज्या हाताला धरून. तो मानूस मला बूथबाहेर उभा ऱ्हाऊन म्हनतो, तुजं काम झालं. आन् मी हात जोडलो. मी काय जोडलो ते हात, सांग? अजून चार वाजले की मी उठतोय. वाटंला लागतोय. ओढ्यापशी आल्यावर आठवतंय. मेल्याचं न्हाई आठवत. दुसरंच आठवतंय."

दूर विहिरीवर कळशी घासल्याचा आवाज आला.

"तू होतीस संगं," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "धनराज म्हनला, तिला विचारू नका, तिला सांगता येत न्हाई, कागद लिहून दिलाय. खरं हाय का?"

"खरं आहे."

"मग न्हाई विचारत. जा. आईला सांग, तूर झाली की नागूला पाठवतो."

ते उठायला लागले. गुडघ्यावर हात ठेवून, अर्धे वाकून. मला जाता आलं असतं. चार दिवस राहिले होते. त्यांनी स्वतःच मला वाट करून दिली होती, आणि त्या वाटेनं गेले तर उरलेल्या आयुष्यात मला हे कुणीच विचारणार नव्हतं.

"काका, बसा."

ते तसेच वाकलेले थांबले.

"अप्पांनी कपाटच सांगितलं होतं. दोनदा. मारलास का, कपाटावरच ना, असं विचारलंसुद्धा, आणि मी हो म्हणाले. खोटं बोलले. त्यांनी तुम्हाला दिलेला शब्द मोडला नाही, काका. शिक्का मी मारला, मशीनवर. त्यांचं मत मी चोरलं."